प्रिंटरची भाषा जाणणारा जुना कॉम्प्युटर

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी प्रिंट काढून देणाऱ्या दुकानात, शिकवणीच्या खोलीत किंवा वकिलाच्या छोट्या ऑफिसात डोकावलं, तर टेबलावर बहुधा दोनपैकी एक प्रिंटर दिसतो: कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२०. कितीतरी घरांतही हेच यंत्र आहे. दोन्ही फक्त काळं छापतात, दोन्हींना एकच यूएसबी केबल लागते, वायफाय एकालाही नाही आणि नेटवर्कची वायर खोचायला जागाही नाही. पण काट्रिज कुठल्याही बाजारपेठेत भरून मिळतं, रोलर आणि फिल्मसारखे सुटे भाग दुरुस्तीवाल्याकडे तयार असतात, आणि वर्षानुवर्षं वापरूनही अक्षरं ठळक उमटतात. अडचण वेगळीच आहे. हा प्रिंटर घरी आला तेव्हा घरात एकच कॉम्प्युटर होता. आता चार फोन आणि एक-दोन लॅपटॉप आहेत, आणि प्रिंटरची केबल त्यांतल्या एकाच्याही हाताशी नाही. मग हॉल तिकीट असो की सातबारा, ते आधी स्वतःलाच मेल करायचं किंवा पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि ज्या एका मशीनवर प्रिंटर ‘चालतो’ तिथे जाऊन छापायचं. या गैरसोयीवर सुचवले जाणारे उपाय ठरलेले आहेत: वायफायवाला नवा प्रिंटर घ्या, राउटरच्या यूएसबीत केबल खोचा, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर विकत घ्या, नाहीतर माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढून त्याला प्रिंटरच्या राखणीला बसवा. शेवटचा उपाय अनेकांना जुगाड वाटतो. या विशिष्ट प्रिंटरांपुरता तरी तो सर्वांत सयुक्तिक आहे, असं माझं मत आहे. मात्र काही अटींवर, आणि त्या अटी सैल नाहीत.

कारण इथे खरा प्रश्न केबलचा नाहीच, भाषेचा आहे. ॲपलने १९८५ साली लेझररायटर आणला तेव्हा त्या प्रिंटरच्या पोटातला प्रोसेसर त्याला जोडलेल्या मॅकपेक्षा वेगवान होता. पानाचं वर्णन पोस्टस्क्रिप्ट या भाषेत यायचं आणि ते वाचून पान रचण्याचं काम प्रिंटर स्वतः करायचा. किंमत जवळपास सात हजार डॉलर. म्हणून तो सुरुवातीपासून नेटवर्कवर वाटून वापरण्यासाठीच बनवलेला होता. पुढे प्रिंटर घराघरांत पोचावा म्हणून किंमत खाली आणायची वेळ आली, तेव्हा हा महागडा मेंदूच काढून टाकला गेला. पान रचण्याचं काम कॉम्प्युटरवर सोपवलं आणि प्रिंटरकडे उरलं ते तयार ठिपके कागदावर उमटवण्याचं. एलबीपी २९०० कॅननच्या ‘कॅप्ट’ या खासगी पद्धतीने बोलतो; पान छापताना कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यात दोन्ही बाजूंनी सतत देवाणघेवाण लागते. लेझरजेट १०२० तर याहून परावलंबी आहे. त्याची स्मृती २ एमबी, आणि स्वतःला चालवणारं फर्मवेअरही तो कायमचं साठवून ठेवत नाही. बटण बंद केलं की ते पुसलं जातं आणि पुन्हा चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते नव्याने पाठवावं लागतं. अशा प्रिंटरचं आयुष्य त्याच्या गिअर-रोलरांवर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच ड्रायव्हरवरही असतं. यंत्र ठणठणीत आणि ड्रायव्हर मिळेना, म्हणून भंगारात गेलेले प्रिंटर थोडेथोडके नाहीत.

दुसऱ्या बाजूला फोन आणि नवे कॉम्प्युटर नेमके उलट दिशेने गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये आयफोनवर एअरप्रिंट आलं. २०१३ साली कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया नावाची संस्था काढली, आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून तशाच पद्धतीने छापण्याची सोय फोनमध्येच येऊ लागली. यामागची कल्पना अशी: फोनमध्ये ड्रायव्हर नसेल, फोन पान एका ठरावीक, सर्वमान्य रूपात आयपीपी या नियमावलीने पाठवेल आणि ते समजून घेणं ही प्रिंटरची जबाबदारी. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केलं की विंडोज अपडेटमार्फत प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर पुरवणं टप्प्याटप्प्याने थांबवलं जाईल. म्हणजे छापायला देणाऱ्यांनी ड्रायव्हर ही गोष्टच सोडून दिली आहे, आणि छापणाऱ्याला ड्रायव्हरशिवाय एक ठिपका कळत नाही. या दोघांमध्ये कुणीतरी दुभाषा लागतो. जुन्या कॉम्प्युटरची नेमणूक होते ती या जागेवर.

दुभाष्याचं काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे कप्स. मायकल स्वीट यांनी तो लिहिला, १९९९ मध्ये तो लोकांच्या हाती आला, २००२ पासून मॅकमध्ये वापरला जाऊ लागला, २००७ मध्ये ॲपलने त्याचे हक्क घेतले, आणि आता लिनक्सच्या बाजूने ओपनप्रिंटिंग हा गट त्याचा सांभाळ करतो. घरातल्या फोनवर ‘प्रिंट’ दाबल्यावर काय घडतं ते जरा जवळून पाहू. फोन वायफायवर हाळी देतो: इथे कुणी प्रिंटर आहे का? कोपऱ्यातला जुना लॅपटॉप उत्तर देतो, ‘मी आहे’, आणि फोनच्या यादीत नाव उमटतं. मग फोन पान तयार करून त्या लॅपटॉपच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवतो. कप्स ते पान उलगडतो, प्रिंटरला झेपेल अशा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलतो, कॅनन किंवा एचपीच्या ड्रायव्हरकडून ते ठिपके त्या-त्या भाषेत बांधून घेतो आणि यूएसबीवरून पुढे सोडतो. फोनच्या लेखी तो एका अद्ययावत वायफाय प्रिंटरशी बोलला. प्रिंटरच्या लेखी तो नेहमीच्या, केबलच्या टोकाला असलेल्या कॉम्प्युटरशी बोलला. मराठीत काम करणाऱ्यांसाठी यात एक मोठा दिलासा आहे. पान फोनवर किंवा लॅपटॉपवरच पूर्ण रचलेलं असतं, फॉन्ट त्यातच बसवलेला असतो, त्यामुळे मधल्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट असण्याची गरजच उरत नाही. श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये टाइप केलेली वर्डची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि ‘श्री’च्या जागी भलतीच चिन्हं आली, हा अनुभव ज्यांच्या रोजच्या कामातला आहे, त्यांना या फरकाची किंमत सांगावी लागणार नाही.

आता बाकीचे उपाय याच कसोटीवर लावून पाहू. राउटरच्या मागचं यूएसबी सॉकेट दिसायला सगळ्यांत सोपं. पण साधा राउटर भाषांतर करत नाही, आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलतो. म्हणजे प्रत्येक फोनला कॅप्ट यायला हवं, आणि ते येत नाही. शिवाय एलबीपी २९०० ला दुतर्फा संवाद लागतो, तो अशा जोडणीत बहुधा तुटतो. १०२० ला चालू झाल्यावर फर्मवेअर पाठवायचं भान राउटरला नसतं. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चढवून तशी स्क्रिप्ट लिहिता येते, पण तेवढी मेहनत घेणारा माणूस जुना कॉम्प्युटर त्याहून लवकर तयार करेल. भाषांतराचं काम इंटरनेटवरच्या सर्व्हरवर सोपवण्याचा प्रयत्न गूगलने क्लाउड प्रिंटच्या रूपाने केला होता. चांगली सोय होती ती. पण ३१ डिसेंबर २०२० ला गूगलने ती बंद केली आणि तिच्या भरवशावर असलेले प्रिंटर त्या दिवसापासून पुन्हा एका केबलचे बंदी झाले. घरातलं भाषांतर घरातच व्हावं, या मताला या घटनेने बळ मिळतं.

रास्पबेरी पायचा दावा मात्र दमदार आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. एवढासा बोर्ड, वीज दोन-चार वॉट, आवाज शून्य, आणि कप्स त्यावर उत्तम चालतो. एचपी १०२० साठी तो खुशाल वापरावा. अडतं ते कॅननपाशी. कॅननने एलबीपी २९०० साठी दिलेला लिनक्स ड्रायव्हर इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरांसाठी बनवलेला आहे, आणि पायचा प्रोसेसर एआरएमचा. स्वयंसेवकांनी कॅप्टचा उलगडा करून लिहिलेला एक मुक्त ड्रायव्हर आहे आणि त्यांच्या चिकाटीला दाद द्यायला हवी, पण घरच्यांनी डोळे मिटून विसंबावं इतका तो पक्का आहे असं मी म्हणणार नाही. जुन्या कॉम्प्युटरचं जुनेपण इथे उपयोगी पडतं: ज्या प्रोसेसरसाठी तो ड्रायव्हर लिहिला गेला, तोच त्याच्या आत आहे. ड्रायव्हर आणि यंत्र एकाच काळातले, एकमेकांना ओळखणारे.

इथे कुणीही विचारेल, की मग कप्ससाठी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालायचा खटाटोप कशाला? जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज आहेच, प्रिंटरवर राइट-क्लिक करून ‘शेअर’ म्हटलं की झालं. १९९२ च्या विंडोज फॉर वर्कग्रुप्सपासून ही सोय आहे आणि कित्येक ऑफिसांनी त्यावर दशकं काढली, हे खरंच. पण घरातल्या आजच्या गरजेला ती दोन ठिकाणी पुरत नाही. पहिलं म्हणजे, फोनला असा शेअर केलेला प्रिंटर आपणहून दिसत नाही. तिथे भाषांतर होत नाही, ड्रायव्हर समोरच्या मशीनकडेही असावा लागतो. दुसरं कारण सुरक्षिततेचं. २०२१ च्या उन्हाळ्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची त्रुटी उघड झाली. विंडोजची छपाईची सेवा सर्वाधिकार घेऊन चालते आणि नेटवर्कवरून ड्रायव्हर उचलून बसवू शकते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की घुसखोराला आयतं दार मिळतं. मायक्रोसॉफ्टने ते दार बंद करायला जी अपडेट दिली, त्यांपैकी सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेअर केलेले असंख्य प्रिंटर चालेनासे झाले आणि पडद्यावर शेवटी ११बी असलेला एरर येऊ लागला. दुरुस्तीला येणाऱ्या पोरांना तो आकडा तोंडपाठ आहे, आणि रजिस्ट्रीत एक नोंद शून्य करून तो घालवायचा तोडगाही. त्या शून्याने प्रिंटर चालू होतो हे खरं, पण अपडेटने बसवलेलं कुलूपच निघून जातं, हे गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही. कप्सचा प्रिंटर विंडोजमधून त्याच्या ६३१ पोर्टच्या पत्त्यावर थेट जोडता येतो आणि मग ११बीच्या वाटेलाच जावं लागत नाही.

विजेचा आक्षेप सगळ्यांत वजनदार, म्हणून त्यावर थांबायला हवं. जुना डेस्कटॉप नुसता चालू राहिला तरी साधारण ५० वॉट खातो. पेंटियम ४ च्या जमान्यातला असेल तर याहून बराच जास्त. ५० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला १.२ युनिट, वर्षाला ४३८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ४,३८० रुपये झाले. स्लॅबप्रमाणे आकडा थोडा खाली-वर होईल, पण महिन्याला पंधरा-वीस पानं छापणाऱ्या घराने त्यासाठी एवढी वीज जाळणं मला समर्थनीय वाटत नाही. दोन-चार वर्षांत नव्या प्रिंटरचे पैसे त्यात निघून जातात. म्हणून पहिली अट: जुना कॉम्प्युटर म्हणजे जुना लॅपटॉप. झाकण मिटलेल्या, नुसत्या बसलेल्या लॅपटॉपला १२ वॉट धरले तर वर्षाला १०५ युनिट, म्हणजे हजार-पन्नास रुपये. रास्पबेरी पायला ३ वॉट धरले तर वर्षाला सुमारे २६ युनिट. दोहोंतला फरक वर्षाला आठशे रुपयांच्या आतला. पाय, कार्ड आणि अडॅप्टर मिळून पाच हजार खर्च धरला तर तो विजेच्या बचतीतून भरून निघायला सहा वर्षांहून अधिक काळ जाईल. डेस्कटॉपच असेल तर तो चोवीस तास ठेवू नये. दिवसातून दोन तास चालू ठेवला तर वर्षाचं बिल ३६५ रुपयांवर येतं. नेटवर्कच्या वायरने राउटरला जोडलेला असेल तर झोपलेल्या कॉम्प्युटरला फोनवरून जागं करण्याची सोयही बहुतेक मदरबोर्डांत असते, फक्त बायोसमध्ये ती चालू करावी लागते. आणि ज्यांच्याकडे फक्त जुना, खादाड डेस्कटॉप आहे आणि छपाईची वेळ ठरलेली नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

दुसरी अट सुरक्षिततेची. जुना कॉम्प्युटर म्हणजे जुनं विंडोजही, असं लोक धरून चालतात. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशी मशीन दिवसरात्र घरच्या नेटवर्कवर ठेवणं धोक्याचं आहे, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. उत्तर एकच: यंत्र जुनं असू दे, त्यावरची प्रणाली चालू काळातली हवी. विंडोज ११ ने जुन्या प्रोसेसरांना दार बंद केल्यामुळे बाजूला पडलेल्या लॅपटॉपांवर डेबियनसारखं लिनक्स अगदी आरामात चालतं. फक्त प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, ते पाहावं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने जुन्या ३२ बिटांच्या मशीनसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं आहे. लिनक्स घातलं म्हणजे निर्धास्त झालो, असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेली या संशोधकाने कप्सच्या सोबतीला असणाऱ्या कप्स-ब्राउज्ड या सेवेतली गंभीर त्रुटी उघड केली. ती सेवा दुसऱ्यांचे प्रिंटर शोधण्यासाठी असते. आपला प्रिंटर वाटणाऱ्या कॉम्प्युटरला तिची गरजच नाही, तेव्हा ती बंद करून टाकावी. आणि ६३१ पोर्ट राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला उघडण्याचा मोह कधीही करू नये. बाहेरगावाहून घरी प्रिंट काढण्याची गरज वर्षात किती वेळा पडते?

उरतात दोन आक्षेप. नवा वायफाय प्रिंटर घेतला की हे सगळं वाचतं, हा पहिला. आणि कोपऱ्यावर झेरॉक्सवाला असताना घरी प्रिंटर हवाच कशाला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जुन्या प्रिंटरच्या तब्येतीवर आहे. तापून अक्षरं कागदावर पक्की करणारा फ्यूजर गेला असेल, कागद दर तिसऱ्या पानाला अडकत असेल, किंवा रंगीत छपाई खरंच लागत असेल, तर नवा घ्यावा. इंकजेट असेल तर मी जुन्या कॉम्प्युटरचा सल्ला देणारच नाही, कारण तिथे त्रास भाषेचा नसतो, महिनाभर न वापरल्याने वाळलेल्या शाईचा असतो. पण चांगल्या लेझर प्रिंटरला केवळ फोनशी बोलता येत नाही म्हणून बाद करणं म्हणजे कष्टकरी माणसाला परभाषा येत नाही म्हणून कामावरून काढण्यासारखं आहे. झेरॉक्सवाल्याबद्दल आक्षेप पैशांचा नाही. पैशांत तो स्वस्तच पडतो. आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, डॉक्टरांचे रिपोर्ट आपण त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि ते तिथेच राहतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असं पत्रक काढलं होतं. त्याचा भलता अर्थ काढला जाईल म्हणून सरकारने ते दोन दिवसांत मागे घेतलं, पण त्यातली ही एवढी सूचना शहाणपणाची होती. घरच्या कॉम्प्युटरलाही हाच न्याय लावायला हवा. छापलेल्या फाइलची प्रत कप्स सहसा एक दिवस स्वतःकडे ठेवतो. सेटिंगमध्ये ते ‘नाही’ करता येतं, आणि करावं.

हे सारं बसवायला कठीण आहे का? एका रविवारच्या सकाळचं काम आहे, पण अडतं ते भलत्याच ठिकाणी. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा रुपयाएवढा गोल सेल संपलेला असतो. मग वीज गेली-आली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, पडद्यावर एफ१ दाबा असा संदेश येऊन मशीन तिथेच थांबतं, आणि पडदा बंद असल्यामुळे घरच्यांना वाटतं प्रिंटर बिघडला. काही रुपयांचा सीआर २०३२ सेल बदलला की हा त्रास मिटतो. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग असतं, तेही लावून घ्यावं. लोडशेडिंगच्या गावात ते अत्यावश्यक. लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर झोपू नये, असं सांगावं लागतं. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलल्यासारखा झाला असेल, तर ती ताबडतोब काढावी. दिवसरात्र चार्जिंगला लावलेली म्हातारी बॅटरी ही या योजनेतली सगळ्यांत धोकादायक वस्तू आहे. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नये, कारण फ्यूजर तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो. यूपीएस कॉम्प्युटर आणि राउटरपुरताच. आणि सगळं बरोबर असूनही फोनला प्रिंटर दिसेना, तर आधी पाहावं की फोन ‘गेस्ट’ वायफायवर तर नाही. राउटर पाहुण्यांचं नेटवर्क मुद्दाम वेगळं ठेवतो, त्यामुळे फोनची हाळी लॅपटॉपपर्यंत पोचतच नाही.

ही व्यवस्था किती वर्षं टिकेल, हाही प्रश्न रास्त आहे. कप्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरांना थेट जागा नसेल. त्यांची जागा ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ म्हणून ओळखले जाणारे छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम घेतील. म्हणजे दुभाष्याची नोकरी जात नाही, त्याचा प्रोग्रॅम तेवढा बदलतो. एचपी १०२० सारख्या, मुक्त ड्रायव्हर असलेल्या प्रिंटरांना हे स्थित्यंतर सोपं जाईल. कॅननच्या बंद ड्रायव्हरचं भवितव्य कॅननच्या हाती आहे, म्हणून एलबीपी २९०० वाल्यांनी चालू असलेली डेबियनची आवृत्ती, तिचा आधार संपेपर्यंत, उगाच बदलू नये. त्यानंतर कधीतरी लॅपटॉप थकेलच. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि काट्रिजसह प्रिंटर, सगळं आहे, आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवं, हातगाडीवरच्या भंगारात नव्हे. देण्याआधी डिस्क पूर्ण पुसावी. इतकी वर्षं घरातल्या प्रत्येकाचे कागद तिच्यावरून गेलेले असतात.